कालवा आणि आसपासची किरकोळ स्थळे

आमच्या फ्रिजवर एक पर्यटनपत्रक चिकटवलेलं आहे. त्याहून निरुपयोगी पर्यटनपत्रक जगात असेल असं मला वाटत नाही. ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, आणि वर ठसठशीत मराठीत मथळा : 'कालवा आणि आसपासची किरकोळ स्थळे'. कालव्याला पाऊण पान दिलेलं आहे. त्याचा उतार, रुंदी, काँक्रीटची जाडी, पाण्याचा वेग, आणि हाताने काढलेला नकाशा. सौदी अरेबियातल्या हुफूफला माणसं लांबलांबून जे बघायला येतात ते सगळं उरलेल्या पाव पानात, बारीक अक्षरांत कोंबलेलं आहे.

'डोंगरातल्या गुहा : उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पाणी नाही.'

'गरम पाण्याचा झरा : पाणी आहे. पुढे कुठे जाते याची नीट माहिती मिळत नाही.'

'जुना बाजार : महिला मंडळास आत सोडल्यास परतीची वेळ सांगता येत नाही.'

'पिवळा तलाव : शेतांतून निथळलेले पाणी इथे साठते. पक्षी येतात. मात्र हा कालव्याचा शेवट नव्हे, हे ध्यानात ठेवावे.'

शेवटच्या वाक्याखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या आहेत.

हे पत्रक लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही इथल्या खोबर शहरातली सगळी मराठी मंडळी 'पाटकरी' म्हणायचो. हे त्यांचं आडनाव नव्हे. पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा, कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं ते बघणारा जो सरकारी नोकर असतो, त्याला आपल्याकडे पाटकरी म्हणतात. त्यांचे वडील नाशिककडे पाटकरी होते. हे स्वतः अबकैकच्या प्लँटवर इंजिनियर. तेलाचे व्हॉल्व्ह आणि तेलाचे मीटर यांत त्यांची उभी नोकरी गेली. पण तेलाबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. "तेल पंपाने जातं, वहिनी," ते म्हणायचे. "पाणी आपल्या अकलेने जातं."

माझी त्यांची पहिली भेट आमच्या घरीच झाली. मी मुलीला घेऊन नाशिकहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. बँकेतली चांगली नोकरी सोडून आले होते, त्यामुळे नवरा, वाळवंट आणि वाळवंटात नोकरी शोधणारी यच्चयावत माणसं यांच्यावर माझा राग होता. अशात हे उंच, शेवग्याच्या शेंगेसारखे वाळलेले गृहस्थ आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, आणि डबाभर भरताला घेऊन दारात उभे राहिले. पँट घोट्याच्या वर दोन घड्या दुमडलेली. ती तशीच असते, हे पुढे कळलं. बसल्याबसल्या त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला,

"वहिनी, नाशिकला तुम्ही कुठल्या पाटावर?"

"मी गंगापूर रोडला राहायचे," मी म्हटलं.

"म्हणजे उजव्या कालव्यावर! वा!" आणि नवऱ्याकडे वळून, "नशीब काढलंस रे."

इतकी वर्षं त्या शहरात काढून आपण कुठल्या कालव्यावर राहतो याचा मला पत्ता नव्हता. काकूंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. होईल सवय, असा त्याचा अर्थ होता.

जगातल्या माणसांचे ते दोनच प्रकार मानत. हेडवाले आणि टेलवाले. पाट जिथे सुरू होतो ते हेड, जिथे संपतो ते टेल. हेडवाला हवं तेवढं पाणी ओढून मोकळा होतो आणि टेलवाला कोरड्या चारीत, म्हणजे पाटाच्या फाट्यात, बसून विडी ओढतो, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्यावर वडिलांच्या खात्यात उपाय होता शेजपाळीचा. चारीला पाणी सुटलं की पहिल्यांदा भिजवायचं ते अगदी टोकाचं शेत. मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, असं करत करत वर तोंडापर्यंत यायचं. हा नियम पाटकऱ्यांनी सगळ्या आयुष्याला लावून टाकला होता. लिफ्टमध्ये सगळ्यात मागे उभा असेल त्याला ते आधी बाहेर काढायचे, आणि त्यासाठी पुढच्या सहा जणांना भलत्याच मजल्यावर उतरून उभं राहावं लागायचं. विमानात मागच्या रांगांना आधी बोलावलं की त्यांना भरून यायचं. "बघा! शिकलेत!" म्हणायचे.

संक्रांतीला आमची मंडळी शहराबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतात. इस्तिराहा म्हणजे भिंतीच्या आत अंगण, एक मोठी खोली, आणि मधोमध पोहायचा हौद. जेवायला रांग लागली की पाटकरी श्रीखंडाचं पातेलं उचलून तरातरा रांगेच्या शेवटाला जायचे आणि आरोळी ठोकायचे, "यल्ला, चला, टेलपासून!" पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी शहाणे झाले. जेवण मांडून झालं, पण रांगेत पुढे उभं राहायला कोणी तयार होईना. ज्यांनी जन्मात कोणाला पुढे जाऊ दिलं नाही अशी माणसं एकमेकांना "तुम्ही व्हा ना पुढे", "छे छे, आधी तुम्ही", म्हणून लखनौच्या नवाबांसारखी वाकायला लागली. माझा नवरा हात धुण्याच्या निमित्ताने बाथरूममध्ये दडून बसला. रांग सुरू झाली तीच मुळी उलटी सरकायला. सरकत सरकत ती हौदाच्या काठाला गेली, आणि शेवटी उभे असलेले एक वजनदार चार्टर्ड अकाउंटंट आणखी एक पाऊल मागे गेले ते थेट पाण्यात.

सगळे धावले. पाटकरी मात्र पातेलं सांभाळत सावकाश काठाशी गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "याला म्हणतात टेल." त्या गृहस्थांनी ओल्या अंगाने काठावर बसून तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. पुढच्या वर्षीही ते हौदाच्या कडेकडेनेच हिंडत होते, असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे.

पण त्यांचं खरं व्रत म्हणजे कालव्याची सहल. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी मिनीबस करून ते आम्हा सगळ्यांना हुफूफला न्यायचे. खोबरहून अबकैकवरून दोनेक तासांचा रस्ता. वाळू, वाळू, मध्येच उंटांचा कळप, पुन्हा वाळू, आणि एकाएकी नजर पोचेल तिथवर खजुरीच. त्या खजुरींच्या सावलीतून कमरेएवढ्या उंचीचे काँक्रीटचे कालवे जातात. स्वच्छ, नितळ पाणी. पहिल्या वर्षी बसमध्ये मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "पाणीच बघायचं होतं तर नाशिक कशाला सोडलं?"

पुढच्या सीटवरून पाटकऱ्यांनी मान वळवली. "पाणी बघायचं नसतं, वहिनी. त्याच्याबरोबर चालायचं असतं."

आणि खरंच त्यांनी आम्हाला चालवलं. खिशातून संत्री निघाली. प्रत्येक मुलाच्या हातात सालीचा एकेक तुकडा. साल पाण्यात सोडायची आणि तिच्या बरोबरीने काठाने चालायचं. घड्याळ लावून, पावलं मोजून ते पाण्याचा वेग काढायचे, आणि पत्रकातल्या आकड्याशी ताडून बघायचे. मुलांना त्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी शर्यत लावली. माझी मुलगी उड्या मारत आली, "काका, मेरा छिलका फर्स्ट आया!"

"शाब्बास. पण लास्ट कोण आला ते विचारून ये," पाटकरी म्हणाले. "त्याला मोठी फोड."

मुलं पुन्हा उधळली. बायका चपला हातात घेऊन काठाने चालायला लागल्या. कोणीतरी डबे उघडले. नियम एकच होता : "गेटला हात लावायचा नाही. गेट सरकारचं, पाणी शेतकऱ्याचं, आपले फक्त पाय." त्या दिवशी एका सालीमागे मी अर्धा किलोमीटर धावले. माझी साल एका दगडाला अडकली तेव्हा मी तिला ओरडून शिव्या दिल्या, आणि मग मलाच इतकं हसू फुटलं की मी मटकन काठावर बसले. या देशात आल्यापासून मी तशी हसले नव्हते. पाटकऱ्यांवर माझा मनापासून जीव जडला तो त्या दिवसापासून.

एवढं करून आम्ही कालव्याचं टेल कधी गाठलं नाही. दर वर्षी ते निघताना जाहीर करायचे, "यंदा टेलपर्यंत!" आणि दर वर्षी किरकोळ स्थळं आडवी यायची. कोणाच्या सासूबाई भारतातून आलेल्या असायच्या, त्यांना गुहा दाखवायच्या असायच्या. कोणाचे गुडघे दुखायचे, त्यांना गरम झऱ्यात पाय बुडवायचे असायचे. मग बाजार, मग चहा, मग मुलांची शू. कालव्याशी पोचेपर्यंत दुपार कलायची, आणि अर्ध्या वाटेतच सूर्य बुडायचा. पाटकरी पाण्याला हात करायचे आणि बसमध्ये बसायचे.

गुहेत तर ते कधी शिरलेच नाहीत. बाहेर दगडावर बसून घड्याळ बघायचे. तिसऱ्या वर्षी माझा पाय मुरगळला होता म्हणून मीही त्यांच्याशेजारी बसले, आणि न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला त्या टेलचं एवढं काय पडलंय?"

ते संत्रं सोलत होते.

"आमचं शेत हेडला होतं, वहिनी. चारीच्या अगदी तोंडाशी, दोन एकर. म्हणजे शेजपाळीत आमचा नंबर शेवटचा. पाणी सुटलं की ते आमच्या बांधावरून खळाळत पुढे जायचं, आणि बाबा सायकल काढून त्याच्यामागे टेलला. दोन-दोन दिवस घरी नाहीत. टोकापासून एकेक शेत भिजवत वर येईस्तोवर पाण्याची पाळी संपायची. वरून गेट बंद. सगळ्यांचं भिजलेलं, आमचं कोरडं."

"जाताजाता आपलं भिजवून घ्यायचं ना त्यांनी. कोण बघणार होतं?" मी म्हटलं. मी बँकेतली असले तरी एवढी हुशारी माझ्याकडे आहे.

"आई हेच म्हणायची. हेच म्हणून भांडायची. बाबा जाऊन किती वर्षं झाली, आई ऐंशीच्या पुढे आहे, अजून फोनवर भांडते. 'तुझ्या बापानं दारावरचं पानी जगाला वाटलं अन् माझी ज्वारी वाळवली.' बाबांना मी म्हणायचो, मला टेल दाखवा. ते म्हणायचे, पुढच्या पाळीला. मग माझं कॉलेज, मग नोकरी, मग हे इकडे. चारी बुजली, शेत विकलं, तिथे आता प्लॉट पडलेत. राहिलंच ते."

संत्र्याची एक फोड त्यांनी मला दिली.

"आमचं कोरडं ठेवून बाबा जिथे पाणी न्यायचे, तिथे ते पोचल्यावर काय होतं, एवढं मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. जमलं तर आईलाही दाखवायचंय. इथलं टेल तर इथलं. हेही कालवे हळूहळू बंद करून खालून पाइप घालताहेत. चांगलंच आहे, पाणी वाचतं. पण पाइपाबरोबर चालता येत नाही."

तेवढ्यात मंडळी गुहेतून बाहेर आली, सासूबाईंना चहा हवा होता, आणि त्या वर्षीचंही टेल बुडालं.

गेल्या हिवाळ्यात पाटकऱ्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. कंपनीने निरोप दिला, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपणार, फायनल एक्झिटचा शिक्का बसला. रविवारचं विमान. सामान गेलं, गाडी विकली गेली. सहल ठरली आदल्या शुक्रवारी. यंदा सगळ्यांनी शपथा घेतल्या. गुहा नाही, झरा नाही, चहा नाही, सरळ कालवा. त्यांना टेल का बघायचंय हे काकूंच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. आणि तरी घोटाळा केला तो मीच.

झालं असं की आम्ही वर्गणी काढून त्यांना निरोपाची भेट द्यायचं ठरवलं होतं. हुफूफच्या बाजारात बिश्त मिळतो, जरीच्या काठाचा लांब अरबी झगा, इथले मोठे लोक लग्नात घालतात तो. तो घ्यायचा, आणि कालव्याच्या काठावर त्यांच्या अंगावर घालायचा, ही माझीच कल्पना. "दहा मिनिटांत येते," सांगून मी बाजारात शिरले. दुकानदाराने आधी कॉफी पाजली. मग खजूर. मग त्याने विचारलं, माणूस किती उंच आहे? मी हात वर करून दाखवला. त्याच्याकडे तेवढ्या उंचीचा नव्हता. मागवला दुसऱ्या दुकानातून, तेवढ्यात नमाजाची वेळ झाली, शटर खाली. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. बसमध्ये लोक फोनवर फोन करत होते आणि मी भेट फुटू नये म्हणून खरं कारण सांगत नव्हते.

आम्ही कालव्याशी पोचलो तेव्हा खजुरींच्या सावल्या लांब झाल्या होत्या. बिश्त त्यांच्या खांद्यावर घातला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. दुमडलेली पँट आणि वर सोनेरी जर, भलतेच रुबाबदार दिसले. हसले, सगळ्यांचे आभार मानले. मग एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाले, "चला. खलास." अगदी सहज म्हणाले. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बसकडे वळतोय तोच पोलिसांची गाडी येऊन थांबली. जरीचा झगा घातलेला एक हिंदी आणि त्याच्यामागे पंचवीस माणसं कालव्यावर काय करताहेत, हे विचारणं त्यांचं कामच होतं. एक तरुण शिपाई उतरला. "इकामा?"

पाटकऱ्यांनी खिशातून इकामा काढला आणि त्याच्यासोबत पत्रकही दिलं. शिपायाने इकामा बघितला आणि परत केला. पत्रक मात्र बघतच राहिला. मराठी त्याला कुठली कळायला, पण नकाशा कळला. कालव्याचं एकेक वळण, एकेक गेट. त्याने बोटाने नकाशाच्या टोकाकडे दाखवलं. तिथे रेघ संपली होती आणि एक प्रश्नचिन्ह होतं.

"हे काय?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"तेच माहीत नाही," पाटकरी मोडक्या अरबीत म्हणाले. "शेवटचं शेत. शेवटचं पाणी. मला ते बघायचं होतं."

शिपाई हसायला लागला. तो तिथलाच निघाला, खजुरीची शेती असलेल्या घरातला. त्याने पेन मागून घेतलं आणि प्रश्नचिन्हाच्या जागी एक चौकोन काढला. तिथे एका म्हाताऱ्याचं शेत आहे, मातीची भिंत, निळं दार. त्याची पाण्याची पाळी उद्या. सकाळी, सूर्य वर आल्यावर.

उद्या शनिवार. परवा विमान. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बसवाला दुसरीकडे ठरलेला, नवऱ्याची शिफ्ट, कोणाकडे पाहुणे, कोणाच्या मुलाची परीक्षा. पाटकरी घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, कोणी काही करू नका. एवढं कळलं तेच खूप झालं."

"मी नेते," मी म्हटलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. माझं लायसन्स पाच महिन्यांचं होतं. शाळा आणि मॉल यापलीकडे मी गाडी नेली नव्हती, आणि मॉलमध्येसुद्धा पार्किंगच्या दोन जागा मिळून एक लावत होते. "तू? हायवेवर?"

"हो. मी. हायवेवर."

सकाळी उजाडताना निघालो. शेजारी पाटकरी, अंगावर बिश्त. थंडी होती आणि शाली-स्वेटर बॅगांत बांधून झाले होते. मागे काकू, मांडीवर थालीपिठांचा डबा आणि ओठांत रामरक्षा. एकेक ट्रक असा अंगावरून जायचा की गाडी थरथरायची. पाटकऱ्यांचा सल्ला एकच, "जाऊ दे त्याला, वहिनी. त्यालाही जाऊ दे." आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं. खोबरहून निघालेल्या यच्चयावत वाहनांचं टेल होऊन आम्ही हुफूफला पोचलो. स्टिअरिंगवरून हात काढले तर बोटं सरळ होत नव्हती, पण पोचलो.

कालवा बारीक बारीक होत गेला. आधी कमरेएवढा, मग गुडघ्याएवढा, शेवटी घरातल्या परातीएवढा रुंद एक पन्हळ, आणि तोही कोरडा. मातीची भिंत, निळं दार. आत बांधावर एक म्हातारा बसलेला, झगा कमरेला खोचलेला, बाजूला फावडं. त्याने आमच्याकडे बघितलं, जरीच्या बिश्तकडे बघितलं, आणि कोणी मोठा माणूस आला असं समजून उठून उभा राहिला. पाटकऱ्यांनी हाताने त्याला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बांधावर बसले. "पाणी," ते अरबीत म्हणाले आणि कालव्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. झालं, ओळख झाली. आम्ही चौघं एका ओळीत बसून कोरड्या काँक्रीटकडे बघायला लागलो.

एक तास गेला. थालीपिठं संपली. पाटकरी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. नाहीच आलं तर?

आधी आला तो पाला. कोरड्या पन्हळातून वाळकी पानं, काड्या, फेसाचा एक पुंजका सरपटत पुढे येत होता आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे. वर दोन बगळे. आणि त्या केराच्या मागे, केर ढकलत, पाणी.

म्हातारा घाई न करता उठला. चपला काढल्या, पन्हळात उतरला आणि नुसता उभा राहिला. पाणी आलं, त्याच्या पावलांवर चढलं, घोट्याशी वळसा घालून पुढे गेलं. तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग फावड्याने बांध फोडून पहिल्या खजुरीच्या आळ्यात पाणी सोडलं, आणि काय वाटलं कोण जाणे, फावडं पाटकऱ्यांच्या हातात दिलं. शेतात पाणी इकडून तिकडे वळवत उभं राहायचं याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. साठ वर्षांचे पाटकरी पाटाच्या पाण्यावर पहिल्यांदा दारं धरायला उभे राहिले, ते जरीचा झगा चिखलात लोळवत. काकू हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

पहिलं आळं भरत होतं तेवढ्यात त्यांनी फोन काढला आणि नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. भावजयीने फोन आईंच्या तोंडासमोर धरला. पांढरे केस, मोठं कुंकू पुसल्याची खूण, आणि चढा आवाज,

"कोन हाय ते झूल घातलेलं?"

"मी आहे, आई. हे बघ. हे टेल."

त्यांनी फोन फिरवला. पन्हळ, आळं, खजुरी.

"एवढुसं पानी?"

"टोकाला एवढंच पोचतं, आई."

"अन् हा म्हातारा?"

"त्याचं शेत आहे."

"वाट बघत व्हता?"

"सकाळपासून."

आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे म्हाताऱ्याला कळलं. तो जवळ आला, छातीवर हात ठेवून त्याने फोनला सलाम केला. आईंनी चटकन डोक्यावर पदर ओढला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, तोही अदबीने उभा राहिला. मग आईंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला.

"त्याला इचार, पुरलं का म्हनावं."

"काफी?" पाटकऱ्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

म्हाताऱ्याने आळ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "काफी. काफी व ज़ियादा. अल्हम्दुलिल्लाह."

"पुरलं म्हणतो, आई. पुरून उरलं म्हणतो."

बगळे उतरून पन्हळाच्या कडेला बसले होते. इतकी वर्षं दर फोनला जे भांडण ऐकलं, ते आता सुरू होणार म्हणून पाटकरी खाली मान घालून उभे होते.

"मंग असू दे," आई म्हणाल्या. "आपलं ऱ्हायलं तं ऱ्हायलं."

पाटकऱ्यांनी वर बघितलं. तेवढ्यात म्हातारा "यल्ला, यल्ला!" करून ओरडायला लागला. आळं भरून वाहत होतं, पाणी वाटेवर पसरत होतं. पाटकऱ्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि झगा सावरत फावडं घेऊन धावले. फोनमधून सत्त्याऐंशी वर्षांच्या आई त्यांच्यामागे ओरडत होत्या,

"आरं बघतो काय! दारं धर नीट! मानसाचं पानी वाया चाललंय!"